टिक्

आवेस्ता. डिसेंबर. तीनलाच अंधार.
डाव्या नळीत हत्यारी पोलाद, उजवीत स्टेनलेस,
दोन्ही मैद्यासारखी चाळलेली,
आणि लेझरच्या टोकाशी
बाजरीच्या दाण्याएवढं पेटलेलं तळं.

इल्वा दर थराला माप बदलते:
नव्वदाला दहा, ऐंशीला वीस.
इंगोल्फ काचेशी उभा, हात पाठीमागे.
एकतीस वर्षं सांधे जोडलेला माणूस
दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभा राहावा तसा.

आधीचे तीन तुकडे निवता निवता गेले.
एक तापलं की जास्त फुगतं, जास्त आखडतं,
दुसऱ्याचा कार्बन गुपचूप त्याच्याकडे सरकतो,
मधला थर काचेसारखा ठिसूळ.
तडा आधी दिसत नाही.
ऐकू येतो.

"घाई होतेय," इंगोल्फ म्हणाला.
"खालची पाटी तापती ठेव. रात्रभर.
आणि मधे निकेल दे थोडं.
भांडणाऱ्यांत तिसरा बसवतात ना, तसं."

रात्रभर आम्ही कान देऊन बसलो.
दोनदा टिक् झालं.
एकदा हीटर होता.
दुसऱ्यांदा काय, कुणीच विचारलं नाही.

सकाळी कापलं, घासलं, आम्ल पुसलं.
एक बाजू काळवंडली, दुसरी तशीच लख्ख,
मधे नखाएवढं धुकं,
कुठून सुरू होतं ते सांगता येईना.

"रेघ कुठाय?" इंगोल्फने विचारलं.
भिंगातून पुन्हा पाहिलं, पुन्हा विचारलं.
मग हातमोजे शोधत
तो बाहेर बर्फात गेला.
हातमोजे त्याच्या खिशातच होते.