मागची पाटी

नळ स्टॉपला दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल आहे.
मेट्रो गेली की केसभर थरथरतं,
म्हणून दोन गाड्यांच्या मधे श्वास धरून
मी एकेक स्लाइड टिपतो.

विशाखा कुदळे आल्या, एकेचाळीस स्लाइड घेऊन,
चष्म्याच्या तीन जुन्या घरांत भरलेल्या.
वडील खडकीच्या फॅक्टरीत. कॅमेरा साहेबाचा, रोल उधारीचा.
प्रत्येक चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात खाली
शाईचा ठिपका: ही बाजू आपल्याकडे.
नीटनेटका माणूस.

"रंग उडालेत," त्या म्हणाल्या.
सगळे नव्हते उडाले, एक उरला होता.
माणसं, आंब्याचं झाड, पर्वतीच्या पायऱ्या,
सगळ्यांवरून कुणी पोटॅशियम परमँगनेटचं पाणी
ओतल्यासारखं.
अशा वेळी लालमध्ये काही सापडत नाही, निळ्यातही नाही.
हिरव्या चॅनलमध्ये जावं लागतं.
तिथे अजून माणसं असतात,
करडी, आपापल्या जागी.

"ही एक जपून करा. आईची एवढी एकच.
मी अकरा महिन्यांची होते तेव्हा ती गेली."
ओट्यावर बसून आई पत्र लिहितेय. डाव्या हाताने.
"दुसरीत बाई पट्टी मारायच्या, उजव्याने लिही म्हणून.
बाबांनी कुणाचा तरी प्रोजेक्टर आणला,
भिंतीवर आई दाखवली, म्हणाले, बघ, तू तिच्यावर गेलीस.
दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन बाईंनाही सांगून गेले.
मग कुणी मारलं नाही."

रात्री साडेदहानंतर, गाड्या थांबल्यावर, ती घेतली.
धूळ उडवली, गुलाबी काढून टाकला,
काळा जरा खाली ओढला, पांढरा वर.
आणि आईच्या मागे, फाटकापलीकडे,
इतकी वर्षं नुसता डाग होता तिथे
एक पाटी उमटली.
पहिलंच अक्षर लि. ऱ्हस्व.
पुण्यात जन्म गेला, चूक आधी दिसते.
मनातल्या मनात दीर्घ केली
आणि तेव्हा कळलं, हे पहिलं अक्षर नाही, शेवटचं आहे.
उजवीकडून वाचत गेलो:
सायकली. खाली बारीक, भाड्याने मिळतील.

स्लाइड पुन्हा हातात घेतली. ठिपका बरोबर जागी होता.
पण चौकट कडेने ब्लेडने उघडलेली,
आणि तपकिरी चिकटपट्टीने पुन्हा मिटलेली.
चाळिसांतली दुसरी एकही तशी नव्हती.

अंगभर शाल, त्यामुळे पदर कुठल्या खांद्यावर
ते कळत नाही. मनगटावर घड्याळ नाही.
त्यांनी सगळं तपासलं असणार,
बाकीच्या खोक्यात ठेवून
हीच निवडली असणार.
पाटी तेवढी राहिली.
की राहू दिली, मला काय माहीत.

माझं काम सुलट करण्याचं. एका बटणाचं.
बोट बराच वेळ त्यावर होतं.
मग पाटीवर सावली ओढत गेलो, थोडी थोडी,
शेवटी फाटकापलीकडे रात्र झाली.
आईचा हात मात्र उजळला,
बोटावरचा शाईचा डागसुद्धा.

शनिवारी त्या आल्या. पडद्यासमोर बसल्या.
काही बोलल्या नाहीत. एक मेट्रो गेली, दुसरी गेली.
पावतीवर सही केली, डाव्या हाताने,
करंगळीने ओली शाई फासत.
मग पुन्हा पडद्याकडे वळून,
"मागे एक पाटी होती ना?
मी विचारायची, हे काय लिहिलंय.
बाबा म्हणायचे, तेलुगू आहे. तिथे एक तेलुगू शिंपी होता."

मी म्हटलं, थांबा.
रात्र थोडी मागे घेतली.
अक्षरं वर येऊ लागली तसा थांबलो,
जरा धूसर केली.

"हां," त्या म्हणाल्या. "हीच."