घडी

पिशवीत एक वजनकाटा आहे, झोळीसकट.
एक थर्मामीटर, एक छोटी घोंगडी,
आणि एक घडी.
मिनिटभर लेकराच्या पोटाकडे पाहायचं,
श्वास मोजायचे,
साठच्या वर गेले तर लिहायचं.
आईसाठी पिशवीत काही नाही.
फॉर्मवर आहेत तिच्या चार ओळी.
त्या मी पहिली काही वर्षं दारातूनच भरल्या.
"बरी हायेस ना व?"
"हाव."

विद्या खंडातेच्या फॉर्मवरही तेच.
तिसरा दिवस : लेकरू दोन किलो सातशे, नाळ कोरडी.
सातवा दिवस : दोन किलो आठशे.
शंभर ग्रॅम वाढलं म्हणून मी खुश.
ती भिंतीकडे तोंड करून होती,
मी म्हटलं, झोपू द्या.
नवव्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत
गादीवर घालून नेलं तिला.
पांढरकवड्याच्या अलीकडूनच
ट्रॉली परत फिरली.
लेकरू आता दुसरीत आहे.
मला पाहिलं की बिस्कीट मागतं.

म्हणून आता मी लेकराला आधी हात लावत नाही.
कौतिकाबाईला राग येतो :
"नातू इकडे हाये, अन् तू तिकडे काय पाहू राह्यली?"
तिकडे अंधार. बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर,
खिडकीत पोतं कोंबलेलं.
दामिनी. एकोणीस वर्षांची. पहिलटकरीण.
दवाखान्यातून दुसऱ्याच दिवशी घरी आणली;
वेचणी सुरू होती,
सोबत थांबायला बाई नव्हती.

पाणी किती पितेस?
"पानी नाई देत. पोट सुटते म्हनते."
मी म्हणते, कौतिकाबाई, चहा ठेवा ना जरासाक.
चहा मला नको असतो.
पाच मिनिटं पाहिजे असतात.

"घडी दाखव."
ती माझ्या हातातल्या घडीकडे पाहते.
"ते नाई व माय. कपड्याची."

बराच वेळ काहीच नाही.
मग उशाखालून निघते
जुन्या लुगड्याची चौपदरी घडी,
गोठ्यामागं वाळवलेली, कोणाला दिसू नये अशी,
म्हणजे न वाळलेलीच.
वास आधी येतो.
काल किती बदलल्या?
ती बोटांवर मोजते.
एक हात पुरत नाही.

लेकराचं थर्मामीटर तिच्या काखेत.
एकशे दोन.
गाडीचा नंबरही एकशे दोनच.

"दुधाचा ताप असन," कौतिकाबाई कप ठेवते.
"आमालेही येत होता."
मी भांडत नाही.
विचारते, तुमची किती झाली, बाई?
"सात. चार हायेत."
अन् तवा तुमाले कोनी पाहायला आलं होतं?
तिच्या हातात चिमटा तसाच राहतो.
"मले कोन पाह्यते व."

मग ती उठते. पेटीचं झाकण वाजतं.
बारशाला नेसायचं नवं सुती पातळ, घडीही न मोडलेलं,
ती दातानं काठ तोडते
आणि टर्रकन फाडते.
पुन्हा फाडते.
"घे," म्हणते. कोणाला, ते कळत नाही.

फोनला रेंज फक्त टाकीजवळ.
गाडी दुसऱ्या फेरीला गेली आहे, दीड तास लागेल.
संदेशचा ऑटो कापसाची गाठोडी उतरवत होता,
अर्धी तिथंच रस्त्यावर ठेवून आला.
सीटवर अजून सरकी आणि पालापाचोळा.
कौतिकाबाई नातवाला पदरात घेऊन,
दामिनीचं डोकं माझ्या मांडीवर.
"ताई," ती डोळे न उघडता म्हणते,
"माह्यं वजन नाई केलं कोनी."
नाही केलं. खरंच नाही केलं.

मी घडी काढते.
तिच्या छातीकडे पाहते,
एक, दोन, तीन, चार...
खड्डा येतो. मोजणं चुकतं.
पुन्हा
एकपासून.