भरतीचं वेळापत्रक

फ्रिजवर दोन कागद आहेत.
एकावर सोसायटीचं पाणी : सकाळी सहा ते साडेसात.
दुसऱ्यावर हर्णैची भरती,
हमदुलेंनी फोनवर सांगितलेली,
दर पंधरवड्याला खोडून पुन्हा पेन्सिलने लिहिलेली.

धायरीत समुद्र नाही.
तरी रविवारी उजाडायच्या आत
बारा फुटी रॉड खांद्यावर टाकून
मी मागच्या मोकळ्या प्लॉटवर जातो,
गळ काढून खिशात ठेवतो, नुसतं शिसं बांधतो
आणि भिरकावतो.
दोरी सुंईऽ करत सुटते,
शिसं गाजरगवतात पडतं.
वॉचमन विचारतो, "घावलं का काय?"
"एक चप्पल," मी म्हणतो.
तो हसत नाही. कुणाची, विचारतो.

गेल्या अमावस्येला, कातळाच्या टोकावर,
खरंच काहीतरी लागलं होतं.
रील किंचाळली.
हमदुले मागून ओरडले,
"सैल सोड रे, पळू दे त्याला!"
मी मूठ आवळली.
तेवढंच.
दोरी हलकी झाली
तरी दंडात ओढ होती,
खेड-शिवापूरचा टोलनाका येईपर्यंत.

आज रील धुतोय, गोड्या पाण्यात, बादलीत.
तळाशी वाळूचे चार कण.
ड्रॅगची चकती फिरवून बघतो,
थोडी इकडे, थोडी तिकडे.
किती सैल म्हणजे सैल,
ते हमदुलेंनाही सांगता येत नाही.

साडेसात.
नळ खाकरतो, हवा सोडतो,
गप्प होतो.
हर्णैला आता पाणी चढत असेल.