खर्चाच्या रकान्यात

चैत्रात माझी भिशी लागली.
बावीस हजार.
हातात पडायच्या आधीच
घरानं ते खर्चून टाकले.
सून म्हणाली, फ्रिज.
यांचे कान मागाच्या खडखडाटात गेलेत,
हे गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले,
"सोनं घे, राजव्वा. सोनं कुठं जात नाही."

मीही कुठं गेले नव्हते.
उंबऱ्याजवळचं हे पोतं,
मांडीवर सूप, फर्मा, कात्री,
ओल्या पानाचा वास,
आणि बोटांना पाठ झालेली संख्या:
पंचविसाचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचा दिवस.
एकावन्न वर्षांतली अडतीस
अशी दोऱ्यानं बांधून
कारखान्यात पोचती केली.

दवाखान्यातल्या बाईनं माझी छाती
उजेडासमोर धरली.
"फुप्फुसांना काम द्या," म्हणाली,
"पोहायला येतं?"
मला इतकं हसू आलं की खोकला लागला.
अहो बाई, आमच्याकडं पाचव्या दिवशी नळ येतो,
तोही रात्री दोनला.
दारात पाणी, घरात नीळ्ळु,
दोन्ही भाषांत सारखंच अपुरं.
बुडायला तरी कुठनं आणू?

पण ते वाक्य राहिलं डोक्यात,
पायात काटा राहतो तसं.

नव्या पेठेत दुकानदारानं विचारलं,
"पोहायचा ड्रेस? मुलीसाठी का?"
"हो," म्हटलं.
खोटं कुठं होतं?
मीही कुणाची तरी मुलगीच की.

महापालिकेचा तलाव, सकाळी सहा, बायकांची बॅच.
एवढं पाणी एका जागी,
आणि कुणी घागर घेऊन उभं नाही.
पहिले चार दिवस मी नुसती
कठड्याला धरून हिशेब करत राहिले:
या तासाला सव्वाशे विड्या.
जाण्यायेण्याच्या आणखी साठ.
महिन्याची फी वेगळी.
शिकवणारी पोर, सुरेखा म्याकल,
माझ्या धाकट्याच्या वयाची,
म्हणाली, "मावशी, श्वास धरू नका,
सोडा. पाण्यात सोडा."

सोडायचा असतो,
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
तंबाखू चाळताना धरलेला,
चेकर छाट काढताना धरलेला,
लेकीच्या बाळंतपणात दाराबाहेर धरलेला,
सगळा बुडबुडे होऊन वर आला.
आणि ज्या पाण्याला मी जन्मभर
कमरेवर, डोक्यावर, जिन्यावरून वाहिलं
ते मला पाठीखालून धरून होतं,
काही न बोलता,
पावती न मागता.

आता सोळा फूट जाते.
सतराव्याला पाय शोधते.

घरी आल्यावर काही बदललेलं नसतं.
ऊन त्रेचाळीसचं, पत्रा तापलेला,
फ्रिज न आल्याचा सुनेचा राग
माठाच्या झाकणावर आपटलेला.
फक्त मी दोन जिने न थांबता चढते
आणि कडक भाकरी चटणीशी मोडताना
भूक लागलेली असते,
खरी, शाळेतल्या पोरीसारखी.

परवा केसातलं पाणी ठिबकलं
बांधलेल्या कट्ट्यावर.
चेकरनं पंचवीस बाजूला फेकल्या.
"राजव्वा, हे काय? घाम?"
"नाही," म्हटलं, "तलाव."
रांगेतल्या बायका हसल्या.
मग लक्ष्मीबाई इगे, जिचा दमा
आमच्या अख्ख्या चाळीला तोंडपाठ आहे,
पदर नीट करत हळूच म्हणाली,
"फी किती गं?"

रात्री वहीत लिहिलं:
जमा – काही नाही.
खर्च – पंचवीस विड्या, एक तास, चारशे रुपये.
यांनी चष्मा लावून वाचलं,
बराच वेळ वाचलं,
मग कानाशी हात नेऊन मोठ्यानं विचारलं,
"पुरुषांची बॅच किती वाजता असते?"