दोन तासांची पट्टी

डॉक्टर म्हणाले, आळशी डोळा.
मला तो शब्द लागला.
आमच्या वडगावात सकाळी साडेसहाला माग सुरू होतात,
आळशी म्हटलं की कोपऱ्यावर कॅरम खेळत बसणारी पोरं आठवतात,
सहा वर्षांच्या कल्याणीचा डावा डोळा नव्हे.

आईनं घट्ट घातलेल्या वेण्या
तपासणीच्या बाईंनी सोडल्या.
डोक्याच्या मागं, पाक मागं,
गार लगदा लावून तारा चिकटवल्या.
मी म्हटलं, मॅडम, डोळे पुढं आहेत.
बघणं मागं असतं, म्हणाल्या.

पडद्यावर काळे-पांढरे चौकोन,
काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे,
सेकंदाला दोनदा,
चौकड्याचं लुगडं कुणी सारखं उलटंसुलटं करावं तसं.
"इल्लि नोडु पुट्टी, मधल्या लाल ठिपक्याकडं."
पोर दोन्ही भाषांत बघत राहिली.
उजव्याची लाट वेळेवर उठली, ताठ.
डाव्याची
उशिरा आली, बुटकी,
आत येऊ की नको करत दारातच थांबलेली.

मग पट्टी. चांगल्या डोळ्यावर. रोज दोन तास.
पहिल्या दिवशी ती उंबऱ्याला अडखळली.
दुसऱ्या दिवशी पट्टी शेजारच्या शेळीच्या कपाळावर सापडली.
शाळेत पोरं तिला पट्टेवाली म्हणू लागली.
काढताना भुवईचे केस निघून यायचे,
खोबरेल आधी लावायचं हे आम्हाला आठवड्यानं सुचलं.
त्या दोन तासांत तिला कामं दिली:
तांदळातले खडे, अबोलीचा गजरा,
माझ्या कापडातले तुटलेले धागे.

एकदा मीही पट्टी लावून मागापाशी उभा राहिलो.
धोटा किती जवळ आहे, कळेना.
घाबरून काढली.
तिला म्हणालो, काही नाही गं, सोपं असतं.

तीन महिन्यांनी पुन्हा तारा, पुन्हा चौकोन.
बुटकी लाट बोटभर,
नाही, खोटं कशाला,
नखभर वाढलेली.
बाईंनी कागद माझ्याकडं वळवला. चेन्नागिदे.
घडी न घालता आणला मी तो,
टिळकवाडीपासून, बसच्या गर्दीत, छातीशी धरून.

रात्री केसांतला वाळलेला लगदा धुताना
कल्याणीनं विचारलं,
पट्टीखाली तो दुसरा डोळा काय करतो?
झोपतो, आई म्हणाली.
"भर दुपारी? दोन तास?"
तोंडावरचं पाणी पुसत म्हणाली,
"मग आळशी तोच की."