माइक उघडा

महागडा नको, पारकर म्हणाला,
वीस जणांच्या टोळीचा सेट घेऊन करायचंय काय?
आपण दोघंच.
फलजच्या दुकानात घासाघीस करून
साधी जोडी घेतली.

खोलीवर हेल्मेटचं अस्तर उपटलं.
स्पीकर बरोब्बर कानाच्या भोकासमोर;
बोटभर जरी सरकला, तर शंभराच्या वर
वारा अर्धं वाक्य खातो.
माइकला स्पंजची टोपी.
बटण नको, बोललं की आपोआप उघडू दे.
केवढ्या आवाजाला उघडायचं, ते मी ठरवलं
आणि चुकलो.

शुक्रवारी पहाटे सोहार मागे पडलं,
बंदराची धुरांडी आरशात काडीएवढी झाली.
वादी जिझ्झीच्या वळणांवर
पारकरचा नुसता श्वासही
माझ्या कानात येऊ लागला.
त्याला पत्ता नव्हता.

"पुढच्या महिन्यात जातोय मी. खेडला. कायमचा."
थांबला.
मग हसत, "अरे, सांगायचं राहिलंच..."
मग चिडल्यासारखं.
चौथ्यांदा नुसतं "अरे", आणि खोकला.

डोंगर मध्ये आला. खरखर.
अठरा वर्षं एका खोलीत,
आणि माणूस तालीम करतो.

डोंगर सरला तेव्हा मी म्हटलं,
"पुढे उंट आहे. सावकाश."
"बघितला," तो म्हणाला.

चहाच्या टपरीवर हेल्मेट काढून
त्यानं सांगितलं.
मी पाचव्यांदा ऐकलं,
पहिल्यांदा ऐकावं तसं.

सेटिंग मात्र बदललं नाही.
परतीचे नव्वद किलोमीटर बाकी होते.