हवाई, सावदा

डिगंबर वाघुळदेनं दुकानावर नवी पाटी लावली,
पिवळ्यावर निळी अक्षरं : हवाई आइस्क्रीम.
पहिल्याच दुपारी पोस्टातल्या झोपेंनी विचारलं,
‘म्हंजे यात निस्ती हवाच भरेल हाये का?’
दुसऱ्यानं पायातली चप्पल वर करून दाखवली.

मला बोलावणं आलं ते माझ्या जिभेमुळे.
अठरा वर्षं मी केळी पिकवायच्या खोलीत आहे,
अंधारात, स्वेटर घालून,
बाहेर सेहेचाळीस असताना.
घडाला हात न लावता सांगते :
हा उद्या सकाळी, तो परवा संध्याकाळी.
‘कोकिळाताई,’ डिगंबर म्हणाला,
‘मले वाईट वाटीन म्हनून गोड बोलू नको.’

पाच वाट्या, एकच चमचा, मधून मधून गार पाणी.
शेजारी पुतणीनं धाडलेला चॉकलेटांचा खोका.
ती मोठ्या जहाजावर केक करते,
कुठल्याशा बेटावर उतरली तर तिला म्हणे
सावद्याची आठवण आली.
खोका जळगावहून एसटीनं आला, वैशाखात,
चोवीस चॉकलेटांचं वाटेतच एकत्र कुटुंब झालं.
गोठवून, बत्त्यानं फोडून, एक कपारी माझ्या हातावर.
आत एक गोल दाणा, नाव घेताना जीभ अडखळते.
दाताला आधी नाही म्हणतो,
मग लोण्यासारखा हो.
शेंगदाण्याच्या घरातला, शिकून बाहेर गेलेला थोरला.

अननस ओळखीचा, लग्नाच्या पंगतीतला, डब्यातला.
पण हा भाजलेला, कडेला करपलेला,
भरताच्या वांग्यासारखा धूर अंगावर घेऊन आलेला.
पेरू ठीक.
नारळ दुधात झोपला होता,
मी त्याला उठवलं नाही.

चौथ्या वाटीत मीठ. गोडात मीठ!
‘समुद्राचं हाये,’ डिगंबर म्हणाला.
मी समुद्र पाहिलेला नाही.
तापी पाहिली, हतनूरच्या दारांतून फेसाळताना.
ती जाते तिकडेच; पण इतक्या वर्षांत
एकदाही मागे येऊन चव सांगितली नाही तिनं.
तो खडा विरघळेपर्यंत
मी डोळे मिटून बसले.
फ्रीजर घुरघुरत होता. बाकी कुणी बोललं नाही.

पाचवी वाटी : पांढऱ्या गोळ्यावर
वरून ओतलेलं कढत चॉकलेट.
तिथला डोंगर असाच उतू जातो म्हणे,
आणि निवला की काळा दगड होतो.
डिगंबरचा नातू, आठवीतला, आइस्क्रीम चाटत म्हणाला,
‘आपला दगड पन तसाच झाला व्हता, आजी.
पुस्तकात हाये.’
मी वाटीत पाहिलं,
मग टाचेच्या भेगेत बसलेल्या
त्या काळ्या रेघेकडे, जी साबणानं जात नाही.

‘आता सांग.’
‘नारळ कमी कर. अननस आसाच राहू दे.
मिठाले हात लावू नको.
आन् केळं कुठी हाये?’
‘सावद्यात पैसे दिऊन केळं कोन खाईन?’

पिशवीत दोन होती, ट्रकवाल्यानं नाकारलेली,
सालीवर डाग, आत सोनं.
एक चिरडलं पाचव्या वाटीच्या तळाशी,
उरलेल्या चॉकलेटात, उरलेल्या मिठात.
डिगंबरनं चमचा घेतला. नातवानं बोट.
झोपे आत येऊन उभे राहिले, त्यांना काही उरलं नव्हतं.
पाटीवर त्याचं नाव अजून चढलेलं नाही.
काय नाव ठेवावं, यावर भांडण चालू आहे.

चारला मी परत खोलीत.
स्वेटर, अंधार, रांगेनं घड.
जिभेच्या कडेला तो खडा नव्हताच आता,
तरी होता.
खालच्या रांगेतल्या एका घडाला मी परवा म्हटलं,
तो उद्याच पिकला.